रेवदंडा-कोर्लई : एका लहानशा सीमाप्रदेशाचा भूगोल आणि संस्कृती

प्रस्तावना

सीमाप्रदेश म्हटला की आपल्याकडे सहसा राज्याराज्यांतील वाद, ठराव आणि आयोग यांचीच आठवण होते. इतिहासाच्या अभ्यासात मात्र सीमाप्रदेश ही स्वतंत्र संज्ञा आहे. दोन सत्तांच्या, दोन भाषांच्या किंवा दोन धर्मांच्या काठावर वसलेला मुलूख काही काळाने दोहोंहून वेगळे असे स्वतःचे रूप घेतो आणि सत्ता निघून गेल्यावरही ते रूप टिकून राहते, असा अनुभव अनेक देशांत आलेला आहे. युरोपातील आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांचा या दृष्टीने बराच अभ्यास झाला आहे. जॉन कोल व एरिक वुल्फ या दोन मानववंशशास्त्रज्ञांचा 'द हिडन फ्रंटियर' हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. इटलीच्या उत्तरेकडील एकाच खोऱ्यातील ट्रेट आणि सेंट फेलिक्स ही शेजारशेजारची दोन गावे त्यांनी अभ्यासासाठी निवडली होती. हवामान सारखे, जमीन सारखी, गुरेढोरे व गवताचे अर्थकारण जवळजवळ एकच. तथापि एका गावाची भाषा रोमान्स कुळातील, दुसऱ्याची जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा दक्षिण टायरोल इटलीकडे आला आणि दोन्ही गावे एकाच राष्ट्रात गेली. गावांमधली रेघ मात्र पुसली गेली नाही. वारसाहक्काची कल्पना, घरातील वडीलधाऱ्यांचे स्थान, शेजारधर्म या सर्वांत ती दिसत राहिली. या न दिसणाऱ्या रेघेलाच ग्रंथकर्त्यांनी 'छुपी सरहद्द' म्हटले आहे.

हा ग्रंथ वाचताना प्रस्तुत लेखकाच्या मनात वारंवार आपल्याच किनाऱ्यावरील एक जागा येत होती. अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर रेवदंडा व चौल, तर दक्षिण तीरावर कोर्लईची टेकडी. मधली खाडी होडीने थोड्याच वेळात ओलांडता येते. या दोन्ही तीरांवर इ.स. १५९४ ते १७४० या काळात एकाच पोर्तुगीज सत्तेचा अंमल होता. मुख्य नगर, गव्हर्नरसदृश कॅप्टनचा वाडा, मठ, चर्चे आणि व्यापार हे सर्व रेवदंड्यास होते. कोर्लईस केवळ तोफांचा डोंगर. असे असता पोर्तुगीज भाषेतून जन्मलेली बोली आज रेवदंड्यात कोणी बोलत नाही. ती बोलली जाते कोर्लईत, टेकडीच्या पायथ्याशी. हे असे का झाले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

खाडी, टेकडी आणि आगर

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावून कोलाड, रोहा या मार्गाने पश्चिमेस येते. रोह्याच्या खाली ती नदी कमी व खाडी अधिक असते. मुखाशी उत्तरेस रेवदंड्याचा सखल, वाळूचा पट्टा आणि दक्षिणेस कोर्लईची उत्तरेकडे नाक काढून उभी असलेली टेकडी, अशी ही रचना आहे. रेवदंडा या नावाचा संबंध परंपरा पुराणातील रेवतीशी जोडते. रेव म्हणजे वाळू व दांडा म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ, ही व्युत्पत्ती स्थळाशी अधिक जुळते असे आम्हांस वाटते. कोर्लईची टेकडी एका सखल मानेने मुख्य भूमीला जोडलेली असल्याने दुरून ती बेटासारखीच भासते. पोर्तुगीज तिला 'मोरो दे चौल', म्हणजे चौलचा डोंगर, असे म्हणत. नाव चौलचे आणि डोंगर मात्र पलीकडच्या तीरावरचा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याच्या हाती हा डोंगर त्याच्या हाती बंदराचे दार, एवढाच त्याचा अर्थ.

उत्तर तीर हा अष्टागराचा भाग. नारळ-सुपारीच्या वाड्या, विहिरींवरचे शिंपणे, पावसाळी भात, किनाऱ्याशी कोळीवाडे असे या पट्ट्याचे स्वरूप आहे. रेवदंड्याच्या कोटाच्या आतही आज वाड्याच आहेत. मठांच्या भिंतींना टेकून सुपारी उभी आहे. मराठी भाषेच्या दृष्टीनेही हा पट्टा जुना आहे. जवळच्या आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा असल्याचे वाचन प्रसिद्ध असून मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना केली जाते. त्या कालनिर्णयावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दक्षिण तीरावर डोंगर समुद्रालगत येतात व सपाट जमीन आक्रसते. तिकडची वाट मुरूड-जंजिऱ्याकडे जाते. पुढे सिद्दीच्या संस्थानाची उत्तर सीमा म्हणून कुंडलिकेचीच खाडी सांगितली जात असे आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे सरहद्द म्हणून या खाडीचे आयुष्य पोर्तुगिजांच्या बरेच नंतरपर्यंत चालू होते. तीरांवरचे राजे बदलले. पाण्याची रेघ तिथेच राहिली.

या खाडीने एका लढाईचा निकालही ठरवला आहे. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सेनानी अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाज यांच्या आरमाराने चौलच्या बंदरात पोर्तुगीज जहाजांना गाठले. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो हा तेथे सरदार होता. माघार घेत असता त्याचे जहाज मुखाजवळ कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तेथेच मारला गेला. हिंदी महासागरातील पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव. त्याचा सूड व्हाइसरॉयने पुढल्या वर्षी दीव येथे घेतला. इतिहासग्रंथांत अमीर हुसेनचे नाव येते, मलिक अयाजचे येते. खुंट रोवणाऱ्या कोळ्यांचे येत नाही. डोल लावण्यासाठी या किनाऱ्यावर आजही खुंट रोवले जातात.

दोन चौल

चौलचे प्राचीनत्व येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. टॉलेमीचे 'सिमुल्ला', कान्हेरीच्या लेखांतील 'चेमुल', अरबांचे 'सैमूर' ही सर्व याच बंदराची नावे मानली जातात. अरब प्रवासी अल्-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास येथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. मुसलमान वस्ती सुमारे दहा हजारांची असल्याचे मसूदी सांगतो. आकडा प्रवाशाचा आहे, तो अक्षरशः घेऊ नये. पण हिंदू राजाच्या बंदरात परकीय व्यापाऱ्यांची मोठी व स्थिरावलेली वस्ती होती, यात शंका राहत नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. बंदर कोकणात व बाजार घाटावर, हे चौलचे अर्थकारण त्याच्या प्रवासातून स्पष्ट होते. रेवदंड्यात आज निकितिनचे स्मारक उभे आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीला समुद्राचे दार चौलच होते. आरमारी सत्ता पोर्तुगिजांची व घाटवाटा निजामशहाच्या, म्हणून दोघांनाही एकमेकांची गरज होती. या गरजेतूनच बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ साली पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्यास आरंभ केला. येथून पुढे 'चौल' ही एक नव्हे तर दोन नगरे झाली. आतल्या बाजूचे जुने नगर ते वरचे चौल, निजामशाहीचे. समुद्राकडील तटबंद नगर ते खालचे चौल, पोर्तुगिजांचे, म्हणजेच आजचे रेवदंडा. १५८३ साली आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने या दोन नगरांची स्पष्ट नोंद केली आहे. डच प्रवासी लिन्स्खोटेन याने येथील रेशमी कापडाची थोरवी सांगितली आहे.

दोन नगरांमधले अंतर चालत ओलांडण्याइतके. एकात रामेश्वर, हिंगलाज व दत्ताच्या टेकडीचा परिसर, हमामखाना, राजकोट. दुसऱ्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व जेझुइट या चारही पंथांची चर्चे. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा 'सातखणी' या नावाने आजही ओळखला जातो. त्याचे काही मजले कोसळले आहेत, पण नाव टिकले आहे आणि ते अस्सल मराठी आहे.

शांततेचा काळ फार नव्हता. १५७०च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने खालच्या चौलला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्यावर चाल केली होती. वेढा १५७१च्या मध्यापर्यंत चालला आणि नगर पडले नाही. तह झाला, व्यापार पूर्ववत सुरू झाला. वेढ्यानंतर इतक्या लवकर बाजार भरावा, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सीमाप्रदेशात युद्ध आणि व्यवहार यांचे पाळीपाळीने येणे हाच नियम असतो.

१५९४ आणि १७४०

कोर्लईचा डोंगर मात्र तोवर निजामशाहीकडेच होता. तेथे किल्ला बांधू नये असा पोर्तुगिजांचा आग्रह असे. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने तो झुगारून १५९२च्या सुमारास डोंगर बांधून काढला आणि तेथून खालच्या चौलवर व बंदरावर मारा सुरू केला. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी खाडी ओलांडून किल्ला जिंकला. टेकडीचा माथा अरुंद आहे. किल्ल्याची लांबी सुमारे २८०० फूट, तर सरासरी रुंदी शंभर फुटांच्याही आत. आडव्या भिंतींनी त्याचे भाग पाडले असून एकापाठोपाठ एक दरवाजे लागतात. विद्यार्थ्यांसह तेथे चढताना प्रत्येक वेळी हेच जाणवते की, ही वास्तू नगर वसविण्यासाठी नाही, केवळ अडवण्यासाठी आहे. येथे व्यापारी राहू शकत नाही. शिपाई, त्याची बायकामुले व त्यांची कामे करणारे एवढेच लोक राहू शकतात.

आमच्या मते कोर्लईच्या पुढील इतिहासाची गुरुकिल्ली याच वस्तीत आहे. रेवदंडा हे नगर होते. तेथे पोर्तुगीज घराणी, पाद्री, गुजराती व कोकणी व्यापारी, विणकर, नोकरचाकर असे सर्व थर होते. कोर्लईत वरचा थर जवळजवळ नव्हताच. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या बोलीवरील आपल्या १९९६च्या ग्रंथात हिंदूंच्या खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले लोक आणि पोर्तुगीज शिपाई यांच्या संबंधांतून या समाजाची उत्पत्ती सांगितली आहे.

सतराव्या शतकात चित्र पालटत गेले. १६३६ साली निजामशाही संपली, वरचे चौल आदिलशाहीकडे व पुढे शिवाजी महाराजांच्या काळात मराठ्यांकडे आले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी पोर्तुगीज चौलला वेढा दिला. त्यानंतर आंग्र्यांचे आरमार वाढले. १७२१च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली तिचा तळ चौललाच होता. बाजीराव पेशव्यांची फौज आंग्र्यांच्या मदतीस आल्यावर ती स्वारी फसली व जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी वेगळा तह केला. व्यापार तोवर सुरत व मुंबईकडे सरकला होता. खालचे चौल हे तटबंदी मोठी व बाजार लहान असे नगर होऊन बसले होते.

मे १७३९ मध्ये वसई पडली. चौल व कोर्लई यांचा निकाल मात्र लढाईने झाला नाही. इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या १७४०च्या तहाने ही दोन्ही ठिकाणे मराठ्यांच्या स्वाधीन झाली आणि त्या बदल्यात गोव्यातील साष्टीतून मराठी फौज मागे घेतली गेली. गोवा वाचवण्यासाठी चौल सोडले, असा हा सरळ व्यवहार होता. ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याला किंवा मुंबईला गेले असावेत. रेवदंड्याचे पोर्तुगीज जीवन अशा रीतीने वरच्या थरासह उठून गेले. कोर्लईच्या पायथ्याच्या लोकांना जाण्यासारखी जागा नव्हती आणि तेथे त्यांची वाट पाहणारेही कोणी नव्हते. ते राहिले. गेलेल्यांची भाषा राहिलेल्यांच्या तोंडी टिकली, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते, पण ती तशी नाही.

कोर्लईची बोली

कोर्लईचे लोक आपल्या बोलीला 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. 'क्रिस्ती' असेही तिचे एक नाव आहे. हजाराच्या आसपास लोक ती बोलतात. वृत्तपत्रांतून अधूनमधून 'कोकणातील पोर्तुगीज गाव' अशा मथळ्याखाली तिच्यावर मजकूर येतो. लिस्बनहून आलेला पाहुणा येथे गप्पा मारू शकेल असा वाचकाचा समज त्यामुळे होतो, तो बरोबर नाही. ही पोर्तुगीज नव्हे. शब्दसंग्रहाचा मोठा भाग पोर्तुगीज, पण व्याकरणाची घडण मराठीच्या सहवासात झालेली, अशी ती स्वतंत्र बोली आहे. भाषाशास्त्रात अशा भाषांना क्रिओल म्हणतात.

मराठीचा परिणाम किती खोल आहे हे दोन उदाहरणांवरून दिसेल. पोर्तुगिजात वाक्याचा क्रम 'मी खातो भात' असा असतो. कोर्लईच्या बोलीत तो कालांतराने 'मी भात खातो' असा, म्हणजे क्रियापद शेवटी, होत गेल्याचे क्लेमेंट्स दाखवतात. दुसरे म्हणजे, पोर्तुगिजातून आलेल्या क्रियापदांचे तीन गण या बोलीत आहेत आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तिने उकारान्त असा चौथा गणच निर्माण केला आहे. परका शब्द उसना घेणे वेगळे आणि त्याच्यासाठी व्याकरणात कायमची खोली बांधणे वेगळे. येथे दुसरे घडले आहे.

आता मूळ प्रश्न. उत्तर कोकणात पोर्तुगीज प्रदेश चौलपासून दमणपर्यंत पसरला होता व त्यास 'उत्तरेचा प्रांत' म्हणत. या सर्व भागात पोर्तुगीजजन्य बोली होत्या. गोव्याचे विद्वान सेबास्तियाव रोदोल्फु दालगादो यांनी १९०६ साली या उत्तरेकडील बोलीवर निबंध लिहिला. दमणमध्ये ती टिकली, कारण तेथे १९६१पर्यंत पोर्तुगीज राज्यच होते. मुंबई-ठाण्याच्या ख्रिस्ती समाजाने इंग्रजी राज्यात १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि पोर्तुगीजजन्य बोली सोडून मराठी व इंग्रजी धरली. वसईच्या ख्रिस्ती समाजाची गोष्ट आणखी निराळी आहे. दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता असूनही तेथील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती आपापल्या मराठी बोलीच बोलत राहिले.

ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे कोर्लईचे वेगळेपण उलगडू लागते. वसईत जमिनीसह, जातीसह, गावच्या गाव ख्रिस्ती झाले. धर्म बदलला तरी वाडी, विहीर, भाऊबंद आणि बोली बदलण्याचे कारण नव्हते. कोर्लईत आलेले लोक मूळ जातिगोतातून तुटलेले होते. परस्परांत समान असे त्यांच्याजवळ काही असेल तर ते दोनच, नवा धर्म व किल्ल्यावरची भाषा. या दोहोंतून त्यांनी जे उभे केले ती त्यांची जात म्हणा, गाव म्हणा, ओळख म्हणा. १७४० नंतर ही ओळख टिकवणाऱ्या गोष्टीही तशाच होत्या. आजूबाजूचा समाज हिंदू व मुसलमान. लग्नसंबंध त्यांच्याशी होत नसत. खाडीपलीकडे सहधर्मीय नगर राहिले नव्हते. त्यामुळे लग्नव्यवहार गावातल्या गावात. पोर्तुगीज जाणणारे पाद्री विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येत राहिले, त्यामुळे मूळ भाषेचा कानावर पडणारा स्वरही पूर्णपणे तुटला नाही. पाद्री मूठभर, खरे काम जातिव्यवस्थेने केले, असे आमचे मत आहे. ज्या भिंतींनी या लोकांना बाहेर ठेवले त्याच भिंतींच्या आत त्यांची भाषा सुरक्षित राहिली. तिच्या टिकण्याचे कौतुक करताना त्या टिकण्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

कोल व वुल्फ यांच्या खोऱ्याशी तुलना येथे उपयोगी पडते, पण ती ताणू नये. त्यांच्या गावांतील सरहद्द दोन शेतकरी समाजांतील होती; दोघांच्याही पाठीशी मोठी भाषा, मोठे राष्ट्र होते. सेंट फेलिक्सचा शेतकरी आपल्या जर्मनपणाचा आधार इन्सब्रुककडे पाहून घेऊ शकत होता. कोर्लईच्या माणसाला लिस्बनकडे पाहण्याचा काहीच उपयोग नव्हता. त्याची भाषा लिस्बनला परकी, चौलला परकी. आल्प्समधीलच रोमान्श भाषकांशी त्याचे नाते अधिक जवळचे म्हणावे लागेल. तथापि १९३८ साली स्विस मतदारांनी रोमान्शला राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. आपल्याकडे १९७१च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्धच होत नाहीत. त्यामुळे शासकीय कोष्टकांत कोर्लईच्या बोलीला ओळ नाही.

उत्तर तीरावरील आणखी एक समाज

रेवदंड्याची बाजू एकजिनसी होती असा समज वरील विवेचनावरून होऊ नये. या गावात ज्यूंचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून आपला इतिहास सांगते. तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे केहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली. चेऊलकर म्हणजे चौलचे, हे सांगायला नको. त्यांनी मराठी स्वीकारली, मराठीत कीर्तने रचली आणि धर्म मात्र स्वतःचा ठेवला. म्हणजे खाडीच्या एका तीरावर परका धर्म व मराठी भाषा, तर दुसऱ्या तीरावर परका धर्म व परक्या मुळाची भाषा, असे दोन निराळे मार्ग दोन लहान समाजांनी निवडले. तेली हा धंदा गावगाड्यात बसणारा होता, त्याला गिऱ्हाईक गावभर होते. किल्ल्याच्या पायथ्याच्या लोकांना असा धंदा मिळाला नाही. भाषेचा प्रश्न कित्येकदा पोटापाण्याच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबांतील बहुतेक मंडळी इस्राएलला गेली.

पुलानंतर

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेवदंडा व साळाव यांना जोडणारा पूल झाला. साळावला पोलादाशी संबंधित मोठा कारखाना आला, त्याच्या शेजारी टेकडीवर बिर्लांचे गणेशमंदिर उभे राहिले. मुरूडकडे जाणारे पर्यटक आता कोर्लईचे दीपगृह व किल्ला वाटेवरच पाहतात. होडीची वाट पाहण्याचे दिवस संपले. गावातील मुले मराठी शाळेत शिकली, प्रार्थनेची भाषाही मराठी झाली, नोकरीसाठी तरुण मुंबईस जाऊ लागले. हे सर्व स्वागतार्हच आहे. कोर्लईच्या मुलाने बोली टिकावी म्हणून अलग राहावे, असे म्हणण्याचा अधिकार खाडीच्या या बाजूला बसलेल्या प्राध्यापकाला नाही.

काही वर्षांपूर्वी क्षेत्रभेटीच्या वेळी आमच्या एका विद्यार्थ्याने गावातील एका वृद्ध बाईंना सरळच विचारले, "आजी, तुम्ही पोर्तुगीज का?" बाई हसल्या आणि अस्खलित आगरी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "आम्ही इथलेच रे, बाळा. पोर्तुगीज गेले ना." त्यानंतर त्यांनी अंगणातल्या नातवाला हाक मारली ती आपल्या बोलीत. नातवाने उत्तर दिले ते मराठीत. वर्गात तासभर शिकवून जे सांगता आले नसते ते विद्यार्थ्यांना त्या अर्ध्या मिनिटात कळले.

या परिसराच्या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. गर्सन द कुन्हा यांचे चौल व वसईवरील १८७६चे पुस्तक, १८८३चे कुलाबा गॅझेटिअर, ढबू यांचे आंग्र्यांवरील व पिसुर्लेकरांचे पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील काम हा पाया झाला. या सर्वांत किल्ले, तह व वेढे भरपूर आहेत; टेकडीखालची माणसे फारशी नाहीत. क्लेमेंट्स यांच्या ग्रंथात माणसांची भाषा आहे, पण तो इंग्रजीत असून मराठी वाचकापर्यंत तो फारसा पोचलेला नाही. या दोन प्रकारच्या साधनांची गाठ घालून देण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधांसाठी तर हा विषय हाताशीच आहे. कोर्लईतील शेतांची, वाटांची, माशांची व जाळ्यांची नावे दोन्ही भाषांत टिपून घेणे आणि तीच नावे रेवदंड्याच्या कोळीवाड्यात पडताळून पाहणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. खर्च नाममात्र आहे. सांगणारी माणसे मात्र आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.